ड्रायव्हर गाडी का सोडतात, आणि त्यात ऑफिसच्या बोलण्याचा वाटा किती

प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्यम आकाराची वाहतूक कंपनी आहे, गाड्या बऱ्यापैकी नव्या आहेत, पगार बाजारात चालू आहे तेवढाच दिला जातो, तरी नवा ड्रायव्हर तीन-चार महिन्यांत निघून जातो. संवाद वाढावा म्हणून सगळ्या ड्रायव्हरांचा मोबाइल ग्रुप काढला, महिन्याला एक बैठकही सुरू केली. फरक पडलेला नाही. आणखी काय करावं?

ग्रुप आणि बैठक यांतून तुमचं म्हणणं ड्रायव्हरपर्यंत पोचतं. त्याचं म्हणणं तुमच्यापर्यंत कसं येणार, आणि आल्यावर त्याचं पुढे काय होणार, हा भाग दोन्हींत राहून गेला आहे. गाड्या चालवणाऱ्या आणि गाड्या पाठवणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर मी बरीच वर्षं काम करतो आहे. ड्रायव्हर टिकतो की जातो हे दोन गोष्टींवर ठरताना मी पाहिलं आहे: ऑफिसने सांगितलेलं खरं निघतं का, आणि त्याने सांगितलेल्याचं काही होतं का. हे दोन्ही जमत असेल तर बोलणं कमी झालं तरी चालतं. जमत नसेल तर रोज बैठक घ्या, माणूस चावी टेबलावर ठेवून जाणारच.

अमेरिकेतला एक फरक इथे लक्षात घेण्यासारखा आहे. तिथल्या ट्रकिंग संघटनेच्या आकडेवारीत लांब पल्ल्याच्या, पूर्ण गाडीचा माल नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांमध्ये वर्षाला ड्रायव्हर बदलण्याचं प्रमाण बरीच वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं, कधी १०० च्याही वर गेलं. याचा अर्थ शंभरातले नव्वद जण दरवर्षी जातात असा नाही. जुने टिकून असतात, तीच ठरावीक जागा वर्षातून दोनदा-तीनदा रिकामी होते, आणि जाणाऱ्यांत पहिल्या काही महिन्यांतले खूप असतात. आता दुसरी बाजू. अनेक ग्राहकांचा थोडा थोडा माल एकत्र करून एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर नेणाऱ्या कंपन्यांत हेच प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतं. लायसन्स तेच, रस्ते तेच. तिथे पगार बरा असतो, बरेचसे ड्रायव्हर रोज किंवा एक दिवसाआड घरी जातात, हे मोठं कारण आहेच. पण आणखी एक गोष्ट आहे: त्या ड्रायव्हरला उद्या कुठे जायचं, किती वाजता निघायचं आणि कधी सुटायचं हे आज माहीत असतं. तुमच्या कामाचं स्वरूप तुम्ही एका रात्रीत बदलू शकत नाही. पण माहिती वेळेवर आणि खरी देणं आजपासून जमू शकतं.

ड्रायव्हरच्या लेखी कंपनी म्हणजे मालक नाही, एचआर नाही. त्याला गाडीवर पाठवणारा, फोनवरचा डिस्पॅचर हीच त्याची कंपनी. मालकाला तो वर्षातून दोनदा भेटतो, डिस्पॅचरशी रोज चार वेळा बोलतो. म्हणून गळती मोजायची असेल तर ती सबंध कंपनीची एक न मोजता डिस्पॅचरनिहाय मोजा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की एकाच ऑफिसात, त्याच पगारावर, एकाच्या हाताखालचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं टिकतात आणि शेजारच्या टेबलावरचे सारखे बदलतात. हा फरक दिसला की पहिलं मनात येतं ते त्या दुसऱ्याला झापायचं. ते करू नका. आधी बघा की त्याच्याकडे किती गाड्या आहेत आणि त्याचं मोजमाप कशावर होतं. त्याला फक्त वेळेवर पोचलेल्या मालाबद्दल विचारलं जात असेल, आणि ड्रायव्हर गेला तर त्याला कुणी काही विचारत नसेल, तर तो ग्राहकाला हो म्हणून ड्रायव्हरला ताणणार, हे उघड आहे. ज्याच्या गळ्यात साठ गाड्या आहेत त्याला ‘ड्रायव्हरशी आपुलकीने बोल’ सांगून उपयोग नाही, त्याला तेवढी उसंतच नाही. गाड्या कमी करा, किंवा ट्रॅकिंगवर दिसणाऱ्या गोष्टी फोनवर विचारण्याचं काम त्याच्याकडून काढून घ्या.

हे ट्रॅकिंगचं मी मुद्दाम सांगतो. स्क्रीनवर गाडी दिसत असताना ‘कुठे आहात?’ म्हणून फोन येतो तेव्हा ड्रायव्हरला एकच गोष्ट कळते, की माझ्यावर विश्वास नाही. आणि एक वेगळा, जास्त गंभीर प्रश्न आहे तो फोन कधी येतो याचा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक वाहतूक संस्थेने प्रत्यक्ष रस्त्यावरच्या ट्रकमध्ये कॅमेरे बसवून जी माहिती गोळा केली, त्यातून २००९ मध्ये असं पुढे आलं की चालवताना मेसेज टाइप करणाऱ्या ट्रक ड्रायव्हरचा अपघात होण्याचा किंवा अपघात थोडक्यात टळण्याची वेळ येण्याचा धोका २३ पटीने वाढतो. मेसेज करताना सहा सेकंदांपैकी साडेचारहून जास्त सेकंद नजर रस्त्यावर नसते. ताशी ८८ किलोमीटरच्या वेगाने गाडी तेवढ्यात शंभर मीटरहून पुढे जाते. तिथे व्यावसायिक ड्रायव्हरांना २०१० मध्ये मेसेज करण्यावर आणि २०१२ पासून फोन हातात धरून बोलण्यावर बंदी आली, आणि कंपनीने तसं करायला लावणं किंवा करू देणं हेही नियमभंगात धरलं. म्हणजे फोन करणाराही जबाबदार.

झोपेचंही तेच. युरोपियन युनियनच्या नियमात ड्रायव्हरला रोज सलग ११ तासांची विश्रांती लागते, आठवड्याच्या दोन सुट्ट्यांच्या मधल्या काळात तीन वेळा ती ९ तासांवर आणता येते. अमेरिकेत सलग १० तास. ही विश्रांती रात्रीच पडते असं नाही. रात्रभर गाडी चालवून सकाळी आठला झोपलेल्या माणसाला ऑफिस उघडल्या उघडल्या दहा वाजता कागदपत्रांसाठी फोन जातो, साडेअकराला हिशोबवाल्याचा, एकला पुढच्या ट्रिपचा. कागदावर त्याची विश्रांती पूर्ण झाली, डोळ्यांत मात्र झोप तशीच. असा ड्रायव्हर महिन्याभरात चिडका होतो, आणि ऑफिसात बोललं जातं की हा माणूस नीट बोलत नाही. डिस्पॅचरच्या स्क्रीनवर ड्रायव्हरच्या नावापुढे ‘विश्रांतीत, अमुक वाजेपर्यंत’ एवढं दिसलं आणि ते पाळायची सक्ती झाली की निम्मी चिडचिड जाते. तातडीचं काम म्हणजे नेमकं काय, हेही लिहून ठेवा; नाहीतर सगळंच तातडीचं होतं.

आता घरी जाण्याच्या तारखेबद्दल, कारण माझ्या मते गळतीचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. ड्रायव्हर फार दिवस घराबाहेर राहायला तयार असतो. त्याला हे काम काय आहे ते माहीत असतं. त्याला सोसत नाही ते शब्द फिरवणं. संभाषण बहुतेक वेळा असं होतं.

‘साहेब, शुक्रवारी घरी सोडणार होता ना?’

‘हो हो, बघतो. एवढी एक ट्रिप मारा, मग लगेच.’

‘बघतो’ म्हणणाऱ्याला वाटतं आपण नाही म्हटलं नाही. ऐकणाऱ्याने तिकडे घरी शुक्रवार सांगून ठेवलेला असतो. शुक्रवारचा रविवार होतो, रविवारचा मंगळवार. तिसऱ्यांदा असं झालं की तो तुमच्याशी भांडणं बंद करतो. ऑफिसला वाटतं प्रश्न मिटला. तो तेव्हा दुसरीकडे फोन लावत असतो.

याच जागी मी असं बोलायला सांगतो: ‘शुक्रवार जमणार नाही. माल गुरुवारी रात्री भरायचा होता, तो शुक्रवारी सकाळवर गेलाय. तुम्ही रविवारी दुपारपर्यंत घरी पोचाल, परतीचा माल मी घेतलेला नाही. शनिवारी सकाळी नऊला मी स्वतः फोन करून पक्कं सांगतो. घरी काही अडचण असेल तर आत्ता सांगा, दुसरी गाडी मिळते का बघतो.’ यात बातमी वाईटच आहे. पण कारण दिलं, नवीन वेळ दिली, पुढच्या फोनची वेळ दिली आणि त्याची अडचण विचारली. शनिवारी नऊला काही नवीन नसेल तरी फोन करायचा, ‘बदल नाही, रविवार कायम’ एवढंच सांगायला. हा फोन टळला की आधीचं सगळं वाया जातं. युरोपियन युनियनने २०२० च्या सुधारणेत ड्रायव्हरला दर चार आठवड्यांत घरी किंवा कंपनीच्या मूळ ठिकाणी परतता येईल असं वेळापत्रक आखणं कंपनीवर बंधनकारक केलं, म्हणजे हा विषय डिस्पॅचरच्या मर्जीवर सोडण्यासारखा नाही हे कायद्यानेही मान्य केलं. तुमच्याकडे असा नियम नसेल तर स्वतः करा: घरी जायची तारीख ट्रिपसारखीच सिस्टीममध्ये नोंदवायची, आणि ती बदलायचा अधिकार डिस्पॅचरच्या वरच्या माणसाकडे ठेवायचा.

दुसरी मोठी जागा म्हणजे गोदामाच्या दारातला खोळंबा. गाडी वेळेवर पोचली, आत घेत नाहीत. चार-पाच तास जातात. जिथे पगार अंतरावर आहे तिथे हे तास फुकट. शिवाय अमेरिकेच्या नियमात दिवसाचं काम सुरू झालं की १४ तासांचं घड्याळ चालू होतं आणि त्यातले जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. दारात गेलेले तास त्या १४ मधूनच कापले जातात. तिथल्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात असा अंदाज आहे की थांबण्याची सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढली तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. उशीर भरून काढायला माणूस घाई करणारच.

यात बोलण्याचा भाग कुठे येतो? खोळंबा ग्राहकाचा असला तरी त्यात ड्रायव्हर एकटा पडतो, तिथे सुरुवात होते. गेटवर त्याचं कुणी ऐकत नाही, ऑफिसात फोन केला तर ‘थांबा, होईल’ म्हणतात. चांगल्या कंपन्यांत मी वेगळं पाहिलं आहे. ड्रायव्हरने पोचल्याचा मेसेज टाकला की घड्याळ ऑफिसचं सुरू होतं. एक-दीड तासाने डिस्पॅचर स्वतः ग्राहकाला फोन करतो आणि काय उत्तर मिळालं ते ड्रायव्हरला कळवतो, ‘तुमच्या पुढे तीन गाड्या आहेत, साधारण चारला लागेल, तोवर झोपून घ्या’. दोन तासांच्या पुढे ग्राहकाला खोळंब्याचे पैसे लागू झाले तर त्याच दिवशी त्याला सांगतात की ते लावले. आणि वर्षभरात ज्या गोदामांबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी आल्या त्यांच्याशी मालक स्वतः बोलतो. काही ठिकाणी तो ग्राहक सोडावाही लागतो. ड्रायव्हरांच्या सांगण्यावरून एक ग्राहक सोडला ही बातमी सगळ्या गाड्यांवर कशी पोचते ते बघा. तिच्यासाठी ग्रुप लागत नाही.

गाडीच्या तक्रारींचं असंच. ड्रायव्हरने तपासणीच्या कागदावर लिहिलं, ‘स्टिअरिंग डावीकडे ओढतंय.’ गॅरेजने शेरा मारला, ‘पाहिलं, ठीक आहे.’ पुढच्या आठवड्यात तेच, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्यांदा तो लिहीत नाही. हा फार धोक्याचा टप्पा आहे, कारण तक्रारी कमी झाल्या म्हणून कागद छान दिसतात. त्याऐवजी गॅरेजने एवढंच लिहिलं असतं की ‘अलाइनमेंट मोजली, ठीक आहे. पुढचा डावा टायर एका बाजूने जास्त झिजलाय, तो बदलला. दोन दिवस चालवून सांगा’, तर त्या माणसाला कळलं असतं की आपल्या हाताला जे जाणवलं ते कुणीतरी गांभीर्याने घेतलं. अमेरिकेत ड्रायव्हरने सुरक्षेशी संबंधित दोष लिहिला तर गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी तो दुरुस्त केला किंवा दुरुस्तीची गरज नव्हती, असं कंपनीने लेखी द्यावं लागतं. नियम सुरक्षेसाठी आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की लिहिणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे. दुरुस्ती करायचीच नाही असं ठरलं असेल तर तेही कारणासकट सांगा. नकार पचतो. उत्तरच न येणं पचत नाही.

हिशोबाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे करायचं काय ते स्पष्ट आहे. पगाराच्या चिठ्ठीत ‘इतर कपात’ ही ओळ असता कामा नये. प्रत्येक कपातीचं नाव, तारीख आणि ती आधी कधी सांगितली होती ते लिहा. अंतरावर पैसे देत असाल तर नकाशाच्या सॉफ्टवेअरने धरलेलं अंतर आणि ड्रायव्हरच्या मीटरवर पडलेलं अंतर वेगळं येतं, हे भरती करतानाच दाखवून द्या, एका खऱ्या ट्रिपचा हिशोब समोर मांडून. पहिला पगार हातात आल्यावर हे कळलं तर त्याला ती फसवणूकच वाटते, मग तुमचा हेतू काहीही असो. पहिल्या तीन पगारांच्या दिवशी हिशोबातल्या माणसाने स्वतः फोन करून ‘चिठ्ठी बघितलीत का, काही शंका?’ विचारावं.

भरतीच्या वेळी खरं सांगण्याचाही हाच मुद्दा. जागा भरायची घाई असली की ‘दर आठवड्याला घरी’ म्हटलं जातं आणि प्रत्यक्षात तीन आठवडे लागतात. भरती करणारा बक्षीस घेऊन मोकळा होतो, बिल डिस्पॅचरच्या नावावर फाटतं. भरतीवाल्याचं बक्षीस माणूस रुजू झाल्यावर देऊ नका, सहा महिने टिकल्यावर द्या. त्याचं बोलणं आपोआप खरं होतं. आणि वाईट बाजू आधी सांगितली की काहीजण येणार नाहीत, हे मान्य करा. ते तसेही तीन महिन्यांत गेले असते.

‘नाही’ म्हणण्याचा हक्क हा माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक भाग. ड्रायव्हरने ‘मी थकलोय, पुढे नेऊ शकत नाही’ किंवा ‘घाटात बर्फ आहे, थांबतोय’ असं सांगितल्यावर ऑफिसातून येणारं पहिलं वाक्य त्याच्या कायमचं लक्षात राहतं. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यापासून असुरक्षित गाडी चालवायला नकार देणाऱ्या ड्रायव्हरला संरक्षण आहे, आणि २०१६ पासून नियम मोडायला दबाव आणणाऱ्या वाहतूक कंपनीवर, माल पाठवणाऱ्यावर किंवा दलालावरही कारवाई होऊ शकते. युरोपियन युनियनच्या २००६ च्या नियमातही अंतर किंवा मालाच्या वजनावर असा मोबदला देण्यास मनाई आहे ज्यामुळे रस्त्यावरची सुरक्षा धोक्यात येईल. कायदा आहे तिथेही दबाव थेट नसतो. ‘ठीक आहे, तुमची मर्जी’ असं म्हणून पुढचे दोन आठवडे वाईट ट्रिपा दिल्या जातात. म्हणून नकारानंतरच्या पंधरा दिवसांतल्या ट्रिपा डिस्पॅचरच्या वरच्या माणसाने तपासाव्यात. आणि उत्तराचं पहिलं वाक्य ठरवून ठेवा: ‘बरं केलंत सांगितलंत. गाडी सुरक्षित लावा, ग्राहकाचं मी बघतो.’ चौकशी नंतर करता येते.

गाडीतल्या कॅमेऱ्यांबद्दल आणि वेगाच्या अलर्टबद्दल सगळीकडे कुरबुर असते. कॅमेरा कशासाठी, रेकॉर्डिंग कोण बघतं, किती दिवस ठेवतात, झोपताना बंद असतो का, हे बसवण्याआधी समोर बसून सांगा. आणि त्यावरून फक्त चूक दाखवणारेच फोन जात असतील तर तो पहारा वाटणारच. ज्या क्लिपमध्ये ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारून समोरच्याला वाचवलं, ती बघून त्याला फोन करणारा सुरक्षा अधिकारी फार वेगळा ऐकला जातो.

बैठक चालू ठेवायची तर चालू ठेवा, पण तिची सुरुवात मागच्या वेळी ड्रायव्हरांनी काय सांगितलं आणि त्याचं काय झालं, यापासून करा. ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. तिथे कुणाची चूक काढू नका, चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस थांबत नाही. नोकरी सोडताना घेतलेल्या मुलाखतींवर फार विसंबू नका. जाणारा माणूस ‘घरची अडचण’ सांगतो, कारण त्याला उरलेला हिशोब सुखरूप हवा असतो. त्यापेक्षा टिकलेल्यांना विचारा: ‘गेल्या महिन्यात कधी सोडून जावंसं वाटलं? त्या दिवशी काय झालं होतं?’ उत्तरं नेमकी मिळतात.

पण एवढं सगळं केलं तरी कमी पगार चांगल्या बोलण्याने भरून निघत नाही. स्टीफन बर्क्स आणि क्रिस्टन मोनॅको या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रायव्हरांच्या बाजाराचा अभ्यास मांडला. तो बाजार मुळातून बिघडलेला नाही, एकूण पाहता ड्रायव्हरही इतर कामगारांसारखेच पगाराला प्रतिसाद देतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुमचा पगार खरोखर बाजाराइतका आहे का, हे खोळंब्याचे तास धरून एकदा ताशी काढून बघा. कमी निघाला तर आधी तो सुधारा. नाहीतर ड्रायव्हरांना वाटेल की पैसे द्यायचे नाहीत म्हणून गोड बोलतायत, आणि त्यांचं चूक नसेल.

सुरुवात नव्या ड्रायव्हरांपासून करा, कारण तुमची गळती तिथेच आहे. पहिल्या ९० दिवसांसाठी त्यांना तुमच्या सगळ्यात चांगल्या डिस्पॅचरकडे द्या, त्याच्या गाड्या त्या प्रमाणात कमी करून. पहिल्या ट्रिपच्या संध्याकाळी, पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि पहिल्या पगाराला एकाच माणसाचा फोन जाऊ द्या. आलेली प्रत्येक तक्रार एका साध्या वहीत लिहा: कुणी सांगितलं, कधी, कुणाकडे दिली, उत्तर कधी गेलं. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या ओळी दर सोमवारी मालकाने स्वतः वाचाव्यात आणि त्यांतल्या ड्रायव्हरांना त्याच दिवशी, त्यांची गाडी उभी असेल आणि ते जागे असतील अशा वेळी, फोन करावा.